सरासरीच्या ताटात कोण अर्धपोटी?

महोदय,
‘पूर्वीची माणसं सकस खायची’ असं आपण सहज बोलून जातो. पूर्वीची म्हणजे कोणती? पुरुष, बायका की पोरं?

चीनमधल्या नवाश्मयुगीन (म्हणजे शेती रुजली त्या अश्मयुगाच्या अखेरच्या काळातल्या) सांगाड्यांच्या हाडांतील कार्बन-नायट्रोजनची समस्थानिके (एकाच मूलद्रव्याचे कमी-अधिक वजनाचे अणू; त्यांच्या प्रमाणावरून माणूस काय खायचा ते कळतं) तपासली, तेव्हा स्त्री-पुरुषांचा आहार जवळपास सारखा निघाला. पूर्व झोऊ राजवटीच्या काळात (इ.स.पू. ७७१ ते २२१) मात्र मांस पुरुषांच्या वाट्याला अधिक, तर बायकांच्या वाट्याला गहू. (गहू तेव्हा हलकं धान्य समजलं जाई!) दोघांच्या उंचीतली दरीही रुंदावली. शेती पुढे गेली, ताट मागे गेलं.

मुलांचे हाल दातांवर दिसतात. लहानपणी उपासमार किंवा मोठं आजारपण झालं की दातांच्या एनॅमलवर आडव्या रेघा उमटतात आणि त्या पुढे बुजत नाहीत.

चित्र पालटतंही. दक्षिण कोरियात १८९६ साली जन्मलेल्या स्त्रियांपेक्षा १९९६ साली जन्मलेल्या सरासरी सुमारे २० सेंटीमीटर उंच आहेत. एवढी वाढ जगात इतरत्र कुठेच नाही.

म्हणून विनंती एवढीच, की आहाराच्या बातम्यांत नुसती दरडोई सरासरी छापू नये. स्त्री, पुरुष आणि वयोगट यांचे आकडे वेगळे द्यावेत.

– एक वाचक