चित्रपटाने फिरवलेला शेवट

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीतील विज्ञानपटांवरील लेखात ‘मायनॉरिटी रिपोर्ट’चे सारे श्रेय दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग यांना दिलेले वाचून खटकले, कारण २००२ साली आलेल्या या चित्रपटाचे मूळ फिलिप के. डिक यांच्या १९५६ मधील त्याच नावाच्या कादंबरिकेत आहे. गुन्हा घडण्यापूर्वीच भावी गुन्हेगाराला पकडणारी यंत्रणा दोन्हीकडे आहे. परंतु कादंबरिकेतील अँडरटन हा टक्कल पडू लागलेला, पोट सुटलेला आणि खुर्ची जाण्याच्या धास्तीने ग्रासलेला अधिकारी आहे, तर पडद्यावर टॉम क्रूझ धावतो. (गल्ला भरायचा तर पोट सुटलेला नायक कसा चालणार!)

खरा फरक शेवटात आहे. चित्रपटात ती यंत्रणाच मोडीत निघते. मूळ कथेत मात्र तिच्यावरचा विश्वास टिकावा म्हणून अँडरटन भाकितानुसार स्वतः खून करतो आणि परग्रहावरील हद्दपारी पत्करतो. भुसावळला आमच्या घराजवळच्या चौकात कॅमेरा बसला तेव्हा आम्ही साऱ्यांनी आनंदच मानला होता, म्हणूनच कदाचित मला हा मूळ शेवट अधिक अस्वस्थ करतो. पुढील लेखात त्याचीही दखल घ्यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, भुसावळ (जि. जळगाव)