सोबा खायला जाताना

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी मैत्रिणीला घेऊन सोबा, म्हणजे जपानी नूडल्स, खायला जाणार आहेस ना, म्हणून हे आधीच लिहिते. छोटं दुकान आहे, तेव्हा दार उघडायच्या वेळेलाच, साडेअकराच्या सुमारास जा. अशा ठिकाणी सकाळी जेवढं पीठ मळलं तेवढंच विकतात. संपलं की दारावरचा पडदा आत घेतात, मग घड्याळात काहीही वाजलेले असोत. जवळ रोख येन ठेव, बऱ्याच ठिकाणी कार्ड चालत नाही. टीप मात्र ठेवू नकोस, तिथे ती पद्धत नाही.

पहिल्यांदा थंड सोबाच मागव. मेनूवर तो मोरी किंवा सेइरो या नावाने असतो. झारूही थंडच, पण त्यावर बहुधा नोरीच्या, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या बारीक पट्ट्या घातलेल्या असतात. गरम रश्शातला काके थंडीत छान लागतो, पण रश्शात धागे फुगत जातात आणि पिठाचा वास दबतो. करणाऱ्याचा हात कसा आहे, ते थंड सोब्यातच कळतं.

सोबा कुट्टूच्या (बकव्हीटच्या) पिठाचा. गव्हाला चिवटपणा देणारं ग्लुटेन कुट्टूत नसतं, म्हणून नुसत्या कुट्टूचे धागे सहज तुटतात. त्यासाठी ८ भाग कुट्टूला २ भाग गहू घालतात, तो नि-हाची. संपूर्ण कुट्टूचा तो जुवारी. त्याला वास जास्त, पण धागे जरा खरखरीत आणि आखूड, त्यामुळे तुटलेले दिसले तर नाक मुरडू नकोस. नि-हाचीचे तुकडे पडले असतील तर मात्र पीठ जुनं असेल किंवा मळताना पाणी कमी पडलं असेल. साराशिना दाण्याच्या गाभ्याच्या पिठाचा, म्हणून पांढुरका आणि नाजूक. इनाका काळसर, जाड, गावठी. मला विचारशील तर नि-हाचीपासून सुरुवात कर.

एदोच्या, म्हणजे जुन्या टोकियोच्या मापाने १ सुन, म्हणजे सुमारे ३ सेंटीमीटर रुंदीच्या घडीतून २३ धागे कापतात. एक धागा साधारण १.३ मिलिमीटरचा झाला. इतका बारीक असल्याने तो मिनिटभरात शिजतो. मग लगेच गार पाण्यात हाताने चोळून धुतात, म्हणजे वरचा बुळबुळीतपणा जातो आणि धागा ताठ होतो. हा ताठपणा फार टिकत नाही. पाच-दहा मिनिटं गप्पा मारत बसलात तर वरचे धागे सुकून एकमेकांना चिकटतात आणि गोळाच उचलला जातो. फोटो एकच काढ. गप्पा नंतर.

पहिले दोन-तीन धागे नुसतेच खा, कशात न बुडवता. मग ढिगाच्या मधोमध, वरून सहा-सात धागे उचल. कडेने ओढलंस तर सगळा गुंता बरोबर येतो. त्सुयूची, म्हणजे बुडवायच्या रश्शाची वाटी डाव्या हातात घे आणि धाग्यांचा खालचा तिसरा हिस्सा तेवढा बुडव. सोया सॉस, साखर आणि मिरिन (तांदळाची गोड दारू) एकत्र गरम करून मुरवतात, त्यात कात्सुओबुशीची, म्हणजे धुरावून वाळवलेल्या माशाची दाशी (पाण्यात उतरवलेला अर्क) घालतात, की त्सुयू झाला. टोकियोत तो कडक असतो; तिथल्या कान्दा भागातल्या १८८० पासूनच्या यबुसोबाचा तर त्यासाठी प्रसिद्धच आहे. पूर्ण बुडवलंस तर खारटपणापलीकडे काही लागणार नाही. त्सुयू फिका असेल तिथे थोडं जास्त बुडवलं तरी चालतं. वासाबी (झणझणीत हिरवं वाटण) वाटीत कालवू नकोस, त्याचा वास विरतो. चिमूटभर थेट धाग्यांवर ठेव. कांद्याची पात अर्ध्यानंतर घाल.

आणि भुरका मार, अगदी आपण कढीचा मारतो तसा, आवाज करून. धाग्यांबरोबर हवा आत जाते आणि कुट्टूचा वास नाकाच्या मागच्या बाजूने कळतो. तिथे कुणी वळून बघणार नाही.

शेवटी सोबा-यु येतं, धागे उकळलेलं पाणी, बहुधा चौकोनी लाखी भांड्यात. नाही आलं तर “सोबा-यु ओनेगाइशिमास” म्हण. उरलेल्या त्सुयूत ते थोडं थोडं ओतून, चव बघत पी. सुरुवातीच्या गिऱ्हाइकांना ते पातळ मिळतं, दुपार चढेल तसं दाट होत जातं. जीवनसत्त्वांचा काही भाग या पाण्यात उतरलेला असतो, तेव्हा टाकू नकोस.

तुझी मैत्रीण शाकाहारी आहे हे मात्र आधीच लक्षात ठेव. साध्या मोरीत मासा दिसत नाही, पण त्सुयूत असतोच. काही दुकानं सोब्याबरोबर मीठ देतात, ते तिच्यासाठी माग. भाज्यांचा तेम्पुरा, म्हणजे जपानी भजीही, बऱ्याच ठिकाणी कोळंबी तळलेल्या तेलातच तळतात. आणि तिचा शनिवार असेल तर कुट्टू म्हणून उपासाला चालेल असं समजू नका, नि-हाचीत गहू आहे. कुणाला कुट्टूची ॲलर्जी असेल तर अशा दुकानात उदोन, म्हणजे गव्हाच्या जाड नूडल्सही मागवू नयेत, दोन्ही एकाच पाण्यात उकळलेलं असू शकतं. ही ॲलर्जी जिवावर बेतू शकते, म्हणून जपानमध्ये पाकिटबंद पदार्थांवर कुट्टूचा उल्लेख सक्तीचा आहे.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात नवं पीक येतं, तेव्हा दुकानांबाहेर ‘शिन-सोबा’ असा कागद लागतो. त्या दिवसांत याच दुकानात पुन्हा जा आणि तेच मोरी मागव. वासातला फरक तुझा तुलाच कळेल.

तुझी,
आई