सशांविषयी, संदीपला

माद्रिद, १७ नोव्हेंबर

प्रिय संदीप,

सप्रेम नमस्कार.

सशांचं नक्की काय करतोस, असं तू विचारलंस. फोनवर ते दरवेळी राहून जातं, म्हणून आज लिहायला बसलो.

सशांना एक विषाणूजन्य रक्तस्रावी रोग होतो (रॅबिट हेमोरेजिक डिसीज), त्याच्या लशीवर माझं काम चालतं. हा रोग पहिल्यांदा दिसला १९८४ साली, चीनच्या जिआंगसू प्रांतात, जर्मनीहून आणलेल्या अंगोरा सशांत. संध्याकाळी नीट चारा खाल्लेला ससा सकाळी मेलेला सापडतो, कधी नाकाशी रक्त असतं. उघडून पाहिलं तर यकृत फिकट, बोट लावलं की भुगा होणारं. तू रोज गोठ्यांतून फिरतोस, पण एवढा झपाटा तूही क्वचितच पाहिला असशील.

हा विषाणू प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या पेशींवर वाढत नाही. म्हणून जुनी लस करायची तर धडधाकट सशालाच रोग द्यायचा, तो मेला की यकृत काढून वाटायचं आणि फॉर्मालिननं विषाणू निकामी करायचा. शिकत असताना मी हे काम केलंय. खाणं घालायला गेलं की सगळे जाळीला नाक लावून उभे राहायचे. टोचल्यानंतर दोन-तीन दिवसांनी त्याच पिंजऱ्यांसमोर ट्रे घेऊन जायचं. घरी कुणालाच कधी सांगितलं नाही हे.

तुझ्या लेकीला जन्मल्यावर काविळीची लस दिली होती ना, हिपॅटायटिस बीची? ती यीस्टमध्ये बनते. विषाणूच्या कवचाचं जनुक यीस्टला दिलं की ते नुसतं कवच तयार करतं. आत काहीच नसतं, त्यामुळे रोग होत नाही, पण शरीर शत्रूला ओळखायला शिकतं. सशांच्या विषाणूचं कवच व्हीपी-६० नावाच्या एकाच प्रथिनाच्या १८० प्रती जुळून बनतं. त्याचं जनुक कीटकांच्या विषाणूत घालून कीटकपेशींना दिलं की पोकळ कवचं आपोआप जुळतात. कोबीवरच्या अळीच्या कोषांतसुद्धा ती बनवता येतात. अशा लशीला युरोपात २०२१ साली मंजुरीही मिळाली. एका सशालाही मारावं लागत नाही! पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली ती गोल कवचं पाहिली तेव्हा माझे डोळे भरून आले होते.

२०१० मध्ये फ्रान्समध्ये या विषाणूचा नवा प्रकार निघाला. जुना रोग लहान पिल्लांना सोडायचा, हा सोडत नाही, आणि जुन्या लशीला पुरेसा दबतही नाही. इथल्या रानात ससा गेला की लिंक्स उपाशी; त्या रानमांजराचं मुख्य खाणंच ससा.

स्पेनच्या मिनोर्का बेटाजवळच्या एका लहान बेटावर एक प्रयोग झाला होता. मिक्सोमा या सशांच्याच दुसऱ्या एका विषाणूच्या सौम्य प्रकारात व्हीपी-६०चं जनुक घालून काही सशांना टोचलं, तर न टोचलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांतही प्रतिपिंडं आली. लस आपली आपण पसरत होती. पण ती रानात सोडली नाही, आणि मला ते बरोबरच वाटतं. सोडलेला विषाणू परत बोलावता येत नाही, आणि ऑस्ट्रेलियात तर ससे कमी करायला हाच रोग वापरतात; ही लस तिथे पोचली तर ते काम बिघडेल.

अजून पूर्ण सुटका झालेली नाही, संदीप. लस चालते हे दाखवायला काही सशांना खरा विषाणू द्यावाच लागतो, आणि त्यातल्या काहींना लस न देता. पुढच्या महिन्यात आमची तशी चाचणी आहे. सकाळचं खाणं मीच घालणार आहे.

काका-काकूंना नमस्कार, चिमुकलीला पापा.

तुझा,
अजित