कॅथलॅब हवीच, पण आधी ईसीजीचा रोल

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

जिल्ह्यात कॅथलॅब (हृदयाच्या बंद वाहिन्या नळी घालून तपासायची आणि उघडायची खोली) येणार, अँजिओप्लास्टी इथंच होणार, पुढे बायपाससुद्धा होणार, अशा बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून वाचतो. निवडणूक जवळ आली की जरा जास्तच वाचतो. खरोखर झाली तर आरवलीच्या वेतोबाला केळ्यांचा घड मी स्वखर्चाने वाहीन. पण मी ३१ वर्षं सरकारी दवाखान्यांच्या औषधभांडारात काढलेला माणूस आहे. इमारतीची फीत कापली जाणं आणि गोळी रुग्णाच्या हातात पडणं, यांत किती अंतर असतं ते मी रोज मोजलेलं आहे. म्हणून हे पत्र.

आमचा तालुका दोडामार्ग. इथं कुणाला ‘मोठ्या दवाखान्यात नेलं’ असं कोणी म्हणत नाही, ‘बांबोळेक व्हेल्यानी’ म्हणतात. बांबोळी म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज. आमचं जिल्हा रुग्णालय ओरोसला आहे, आता तिथं मेडिकल कॉलेजही झालं, पण इथल्या पायांना वाट माहीत आहे ती गोव्याची. जानेवारी २०१८ पासून बांबोळीला गोव्याबाहेरच्या रुग्णांकडून पैसे घ्यायला सुरुवात झाली, तेव्हा आमच्या तालुक्यात लोक का पेटून उठले होते, हे मुंबईत बसून कळायचं नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. मागच्या वर्षी एप्रिलात, ऐन काजूच्या दिवसांत, माझा धाकटा भाऊ सकाळी बागेत बिया वेचायला गेला होता. वय ५४, साखर आहे, विडी सोडून चार वर्षं झालेली. साडेनऊच्या सुमारास छातीत जळजळ आणि दरदरून घाम. बोंडवांची टोपली तिथंच टाकून घरी आला. मला फोन केला, “दादा, पित्तच आसतला. सोडो पिलंय, बरा वाटतला.” मी विचारलं, रात्री काय जेवलास? फणसाची भाजी म्हणाला. मग मी त्याला पित्ताची गोळी घेऊन पडून राहायला सांगितलं. ३१ वर्षं औषधं वाटलेल्या माणसाचा हा सल्ला. घाम येतोय का, जबडा किंवा हात दुखतोय का, एवढं विचारायलाही सुचलं नाही. दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवण्याआधी हे लिहून ठेवतो.

सव्वाअकराला भावजयीचा फोन आला, की ह्यांचा रंग उतरलाय. शेजाऱ्याच्या ओमनीतून जवळच्या सरकारी दवाखान्यात पोचलो तेव्हा बारा वाजायला दहा कमी होते. कुठला दवाखाना ते लिहीत नाही. तिथल्या माणसांनी हयगय केली नाही. सिस्टरने लगेच झोपवलं, छातीला तारा लावल्या. तारांच्या टोकाच्या रबरी फुग्यांतले दोन चिरलेले, ते चिकटेनात, ते तिने हाताने दाबून धरले. मशीन सुरू झालं, घरघरलं, आणि कागद आलाच नाही. रोल संपला होता. छोट्या पडद्यावर एक हिरवी रेघ धावत होती, पण बॉण्डवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेवर, आलेला तरुण डॉक्टर म्हणाला, “बारा लीड (ईसीजीच्या बारा रेघा) कागदावर दिसल्याशिवाय मी इंजेक्शन कसं देऊ, काका?” त्याचं बरोबर होतं. ॲस्पिरिन चावायला दिली, गुठळी वाढू न देणाऱ्या क्लोपिडोग्रेलचा पहिला मोठा डोस दिला, ऑक्सिजन तपासला, १०८ ला फोन केला. इंजेक्शन कपाटात होतं की नाही हे मी त्या क्षणी विचारलं नाही. नंतर विचारलं. एक कुपी होती.

या इंजेक्शनबद्दल थोडं सांगतो, कारण घोषणांमध्ये त्याचं नाव कधी येत नाही. हृदयाची रक्तवाहिनी गुठळीने बंद पडली की तिच्या पलीकडचा स्नायू मरायला लागतो, आणि एकदा मेलेला स्नायू कुठलाही सर्जन परत आणू शकत नाही. वाहिनी उघडायचे रस्ते दोन. एक अँजिओप्लास्टी, म्हणजे नळी घालून फुग्याने वाहिनी उघडणं. दुसरा गुठळी विरघळवणारं औषध. पूर्वी स्ट्रेप्टोकायनेज असायचं, १५ लाख युनिट, सलाइनमधून तासभर चालायचं आणि बीपी दाणकन खाली यायचा. आता टेनेक्टेप्लेज आहे. वजनावर डोस ठरतो, आणि शिरेतून एकदाच, काही सेकंदांत देऊन होतो. पहिल्या दोन-तीन तासांत दिलं तर खूप वाचतं, बारा तासांनंतर फारसा अर्थ उरत नाही. अँजिओप्लास्टी दोन तासांच्या आत होणार नसेल तर आधी हे इंजेक्शन द्या आणि मग रुग्ण हलवा, असं हृदयरोगतज्ज्ञांचे जगभरचे नियम सांगतात. तिलारीच्या वरच्या वाडीतून ओरोसला उद्या कॅथलॅब झाली तरी दोन तासांत कोण टेबलावर पोचणार आहे? रात्री रस्त्यात हत्ती उभा असला तर मग बोलायलाच नको.

आमची १०८ बारा चाळीसला आली. २०१४ पासून ही गाडी आहे आणि तिला नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. गोव्याची सीमा ओलांडल्यावर गाडीतल्या डॉक्टरांनी पहिल्या सरकारी दवाखान्यात थांबायचा निर्णय घेतला. तिथं ईसीजी काढला, तो मोबाइलमधून कुठेतरी गेला, आणि दहा मिनिटं व्हायच्या आत उत्तर आलं. आधार कार्ड नंतर मागितलं. एक पस्तीसला इंजेक्शन गेलं. गोव्यात २०१८-१९ पासून ‘स्टेमी’ (वाहिनी पूर्ण बंद पडून येणाऱ्या झटक्याचं डॉक्टरी नाव) नावाचा प्रकल्प चालतो, त्याचं हे काम. लहान दवाखान्यांत मशीन आणि इंजेक्शन, बांबोळीला तज्ज्ञ, आणि मध्ये फोन. आपल्या राज्यातही त्याच नावाने काम सुरू झालेलं आहे, म्हणजे कल्पना नवी नाही आणि शोध लावायचा नाही. आमच्या घरच्या हिशोबात मात्र ते इंजेक्शन दुखण्यापासून चार तास पाच मिनिटांनी मिळालं. त्यातला पावणेदोन तासांचा वाटा माझा आणि सोड्याचा. उरलेल्यातला बराचसा त्या रोलचा.

पुढे अँजिओग्राफीत तीन वाहिन्या तुंबलेल्या निघाल्या. बायपास जनआरोग्य योजनेतून झाली, पायाची शीर काढून छातीत जोडली, पैसा लागला तो जेवणाखाणाला आणि गाडीभाड्याला. योजनेबद्दल माझी तक्रार नाही. २०१२ साली ती राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हापासून तिच्यामुळे जगलेली माणसं मी पाहिली आहेत. पण भावाच्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) ईएफ, म्हणजे दर ठोक्याला हृदय किती टक्के रक्त पुढे ढकलतं तो आकडा, ३५ लिहिलेला आहे. साधारण ५५ च्या वर असावा लागतो. ऑपरेशन उत्तम झालं आणि भाऊ घाटी चढताना तीनदा थांबतो, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. ही एकेक कुपी कपाटात का पडून राहते, ते भांडारवाल्याला विचारा. औषध महाग, मुदत ठरलेली, तापमान सांभाळावं लागतं. लहान दवाखान्यात महिन्याला एखादाच असा रुग्ण येतो, कधी तोही नाही. दहा कुप्या मागवल्या आणि सहा मुदतबाह्य झाल्या तर लेखापरीक्षणात माझ्या नावाने पॅरा, म्हणजे लेखी आक्षेप, निघतो, वसुलीची भाषा होते. एकही मागवली नाही आणि माणूस वाटेत गेला, तर पॅरा निघत नाही. मी स्वतः इंडेंट (औषधांचं मागणीपत्र) भरताना दोनच्या जागी एक लिहिलेलं आहे, खोटं कशाला बोलू? अशा औषधाची मुदत संपायच्या तीन महिने आधी ते मोठ्या रुग्णालयात बदलून मिळावं, एवढा एक आदेश काढा. पैसा लागत नाही, सही लागते.

डॉक्टरांचंही तसंच. या इंजेक्शनने शंभरात एखाद्याच्या मेंदूत रक्तस्राव होतो. एकट्या पोराने रात्री दोनला ते द्यायचं, आणि तो एखादा निघाला तर बाहेर पन्नास माणसं उभी. तो ‘पुढे न्या’ म्हणणारच. तज्ज्ञाने तिकडून ईसीजी वाचून ‘द्या’ असं लेखी कळवलं की त्याचा हात थरथरत नाही. गोव्याच्या दवाखान्यात मशीनपेक्षा मला हे मोठं वाटलं.

शस्त्रक्रियेनंतरचं तर कोणी बोलतच नाही. पूर्वीच्या एका केंद्रावर असताना एक मुलगी दर २१ दिवसांनी पेनिसिलिनच्या इंजेक्शनला यायची. लहानपणी घसा, मग सांधे, मग हृदयाची झडप, असं ते दुखणं. इंजेक्शन कधी संपलेलं असायचं, कधी असायचं पण रिॲक्शनच्या भीतीने नवा डॉक्टर द्यायला तयार नसायचा. एकदा तर तिची आई मलाच म्हणाली, “भाऊ, तुमीच द्या.” शेवटी मुंबईत धातूची झडप बसली. गावात पेपरात फोटो आला, सत्कार झाला. त्यानंतर रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर, आणि ती किती घ्यायची ते ठरवायला आयएनआरची (रक्त किती पातळ झालंय त्याची) तपासणी, जी जवळपास कुठेच होत नव्हती. त्यासाठी सावंतवाडी गाठायची, एक दिवसाची मजुरी आणि दोघींचं एसटीचं भाडं. आमच्याकडे पावसाळ्यात टाकळा, कुरडू, आणि गोकुळाष्टमीला शेगलाची भाजी. हिरव्या पाल्याने त्या गोळीचा जोर कमी होतो. श्रावणात तिचा आयएनआर घसरायचा आणि दरवेळी नवा डॉक्टर तिलाच ओरडायचा, गोळ्या घेत नाहीस म्हणून. बोटाच्या थेंबावर आयएनआर सांगणारं यंत्र मिळतं, साखर बघायच्या यंत्रासारखंच. ते तालुक्याला एक असलं तरी चालेल. आणि भाजी खाऊ नको म्हणण्याऐवजी रोज तेवढीच खा, हे सांगायला कुणीतरी बसवा.

भावाचंही तेच झालं. लावणीच्या वेळी त्याच्या गोळ्या अकरा दिवस बंद होत्या. उपकेंद्रात बीपीची आणि साखरेची गोळी मिळते, बाकीच्यांसाठी बांबोळी. पाऊस लागला, नदीला पाणी आलं, राहिलं. मला कळलं ते रिकामी पट्टी पाहून.

२०१७ मध्ये सरकारने औषधवाल्या स्टेंटची (वाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीची) किंमत २९,६०० रुपयांवर आणून बांधली, तेव्हा आम्ही भांडारवाल्यांनी पेढे वाटले होते. त्याच जोरावर सांगतो, सरकारला करायचं असलं की होतं. जिल्ह्यातल्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या दारावर एक फळा लावा. ईसीजी चालू आहे का, रोल आहे का, गुठळीचं इंजेक्शन किती कुप्या, मुदत कधी, तज्ज्ञाचा फोन लागतो का. रोज सकाळी खडूने भरायचा. कॅथलॅब त्यानंतर येऊ दे, सावकाश.

जाता जाता एक. भाऊ घरी आल्यावर मी बाजारातून त्याच मशीनला बसणारे सहा रोल आणले, शंभर-दीडशेला एक पडला, आणि त्या दवाखान्यात नेऊन दिले. भांडारात माझ्याच हाताखाली शिकलेला मुलगा आहे. तो म्हणाला, “सर, आत्ता लगेच नाही घेता येणार.” देणगी म्हणून आलेली वस्तू साठा रजिस्टरला घ्यायची की वेगळी नोंदवही घालायची, याचं मार्गदर्शन त्याने वरून मागवलं आहे. पत्राला दोन महिने झाले. रोल सध्या माझ्या कपाटात आहेत.

आपला,
एक निवृत्त औषधनिर्माण अधिकारी
ता. दोडामार्ग, जि. सिंधुदुर्ग