‘नोटीस देऊन सोडले’ ही मेहेरबानी नव्हे

संपादक महोदय,

फसवणुकीच्या गुन्ह्यातल्या संशयिताला पोलिसांनी ‘नोटीस देऊन सोडले’ अशी बातमी आली की ठाण्यात काही देवाणघेवाण झाली असणार, असा तर्क लगेच होतो. एखाद्या वेळी ती झालीही असेल. पण अशा गुन्ह्यांत आता नोटीस हाच नियम आहे. गुन्हा दखलपात्र म्हणजे वॉरंटशिवाय अटक करता येते; करावीच लागते असे नाही.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३५ (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतले ४१ व ४१-अ) सात वर्षांवर रेघ ओढते. कमाल शिक्षा सात वर्षे किंवा कमी असेल, आणि फसवणूक, गंभीर दुखापत, विवाहितेचा छळ हे सारे त्यातच बसते, तर नुसता संशय पुरत नाही. पुन्हा गुन्हा, पुराव्याची नासधूस, साक्षीदारावर दबाव किंवा फरार होणे, यांसारखे नेमके काय टाळण्यासाठी अटक हवी ते तपास अधिकाऱ्याने लिहून ठेवायचे. कारण नसेल, तर हजर राहण्याची नोटीस. सर्वोच्च न्यायालयाच्या अर्नेशकुमार निकालाप्रमाणे (२०१४) ती गुन्हा दाखल झाल्यापासून दोन आठवड्यांत बजावायची. व्हॉट्सअ‍ॅपवरची नोटीस चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये बजावले आहे. मात्र नोटीस मिळूनही संशयित गेला नाही, तर अटकेला वाट मोकळी होते.

साठीपुढच्या व्यक्तीच्या अटकेला उपअधीक्षकाची पूर्वपरवानगी लागते, पण शिक्षा तीन वर्षांपेक्षा कमी असेल तरच. साध्या चोरीला पूर्ण तीन वर्षे आहेत, म्हणजे हे संरक्षण तिथे लागूच नाही!

खरी गफलत अटकेच्या कागदांत होते. ‘पुढील तपासकामी’, ‘सहआरोपींचा शोध’ हा साचेबंद मजकूर कोणत्याही आरोपीला लागू पडतो. या माणसाने नेमके काय केल्याचा आरोप आहे, ते त्यात नसते. वरळीतल्या अपघात प्रकरणातून निघालेल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२५च्या निकालानुसार प्रत्येक गुन्ह्यात अटकेची ही कारणे लेखी आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेत द्यायची. लगेच शक्य नसेल तर तोंडी सांगून, न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नेण्याच्या किमान दोन तास आधी लेखी. नाहीतर अटक आणि रिमांड (न्यायालयाने दिलेली कोठडी) दोन्ही बेकायदा. परप्रांतीय मजुराच्या हाती मराठी फॉर्म ठेवून हे भागत नाही.

दुसरी गफलत वेळेची. आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यापुढे हजर करण्याचे २४ तास प्रवास वगळून मोजायचे ते माणूस ताब्यात घेतल्यापासून. सकाळी ‘चौकशीला’ आणलेला माणूस स्टेशन डायरीत रात्री अटक झालेला दिसतो. अटकेच्या नोंदपत्रावर साक्षीदार म्हणून सही करणाऱ्या नातेवाइकाने आधी त्यावरची वेळ वाचावी.

— एक फौजदारी वकील, सातारा