भांडण खरे, गळाभेटही खरी

'पिंक फ्लॉइड' या ब्रिटिश रॉक बँडचे नाव निघाले की त्यातल्या रॉजर वॉटर्स आणि डेव्हिड गिलमोर यांच्या भांडणाच्याच बातम्या छापून येतात. भांडण खोटे नाही. १९८५ मध्ये वॉटर्स बाहेर पडले, बँडच्या नावावरून प्रकरण कोर्टापर्यंत गेले. पण २ जुलै २००५ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये 'लाइव्ह ८' या गरिबीविरोधी संगीत कार्यक्रमासाठी बँडचे चौघे चोवीस वर्षांनी एकत्र वाजवायला उभे राहिले, ते का विसरायचे? वॉटर्स यांनी एक गाणे सिड बॅरेट या मागे पडलेल्या जुन्या सोबत्याला अर्पण केले. शेवटी गिलमोर निघू लागले, तर वॉटर्स यांनी हाताने बोलावून त्यांना मिठीत ओढलेच. गिलमोर यांचा अवघडलेला चेहरा चित्रफितीत जरूर पाहावा! २०११ मध्ये हेच गिलमोर वॉटर्स यांच्या लंडनच्या कार्यक्रमात रंगमंचावर उभारलेल्या भिंतीवर उभे राहून गिटार वाजवून गेले. पुढे पुन्हा बिनसले, तेही चारचौघांत. भाऊबंदकी म्हणतात ती हीच. बांधावरून कोर्टकचेरी आणि कार्यात पंगतीला शेजारी.

या दोघांच्या गदारोळात बँडमधले रिक राइट मात्र कायम झाकोळले. वॉटर्स यांच्याच हट्टामुळे त्यांना बँड सोडावा लागला होता, तरी हाइड पार्कमध्ये किबोर्डवर तेच होते. त्यांच्यावर रविवार पुरवणीत एखादा लेख छापावा, ही विनंती.

– एक वाचक, ठाणे