तुझे बुश बसले

प्लिमथ, इंग्लंड
रविवार, रात्री

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार. माझ्या वेनमध्ये, म्हणजे वाऱ्याच्या इशाऱ्यावर सुकाणू धरणाऱ्या यंत्रात, तुझे बुश (पाइप ज्यात फिरतो त्या कड्या) बसले आणि आज होडी आपली आपण चालली! दादाच्या बॅगेतून उद्यमनगरची ती पुडी इथे आली, तेव्हापासून तू दर आठवड्याला विचारतोयस, म्हणून हे आधी.

नायलॉनबद्दल तुझंच खरं. मी घातलेले बुश पाणी पिऊन फुगले आणि पाइप आवळून बसला. वेनची फळी तर झुळकीने कलंडायला हवी. तुझ्या डेल्रिनमध्ये (पाणी न पिणाऱ्या प्लास्टिकमध्ये) ती बोटाने कलते आणि खालच्या वजनाने परत उभी राहते.

तू हे यंत्र पाहिलेलं नाहीस. होडीच्या पाठीमागे प्लायवूडची पातळ उभी फळी, धार वाऱ्याकडे. होडी वाट सोडून वळली की वारा फळीच्या अंगावर येतो, फळी कलते आणि तिचा दांडा पाण्यात सोडलेल्या वल्ह्याला थोडा पीळ देतो. पिळलेल्या वल्ह्याला वाहतं पाणी लोलकासारखं बाजूला रेटतं. वल्ह्याच्या दोऱ्या कप्प्यांवरून सुकाणूचा दांडा ओढतात. वारा फक्त खूण करतो, जोर पाण्याचा. वीज लागत नाही.

मला खरं रडवलं ते बसवण्याने. गेल्या महिन्यात मी होडीच्या मागच्या भिंतीला नुसते वॉशर लावून बोल्ट आवळले होते. वल्ह्याने जोर घेतला की फायबरची भिंतच लवायची, आणि तो जोर सुकाणूपर्यंत पोचायचाच नाही. मी मात्र वेनची फळी बदलत राहिलो, तीन वेळा! शेवटी सगळं उतरवलं. भोकं मोठी करून इपॉक्सीने भरली, त्यातून बोल्टापुरती नवी पाडली, म्हणजे पाणी आत शिरणार नाही. आतून 12 मिमी मरीन प्लाय चिकटवला, त्यावर स्टीलची पट्टी. मग सैल दोऱ्या काढून न ताणणाऱ्या घातल्या. वल्ह्याच्या दांड्यात एक कमजोर नळी मुद्दाम ठेवली आहे. ओंडका आदळला तर ती मोडेल, भिंत फाटणार नाही.

आज वायव्येचा वारा होता. एडीस्टोन दीपगृहाकडे निघालो, सुकाणू सोडलं आणि हात मांडीवर ठेवून बसलो. दांडा आपोआप इकडे जरा, तिकडे जरा. वीस मिनिटांनी खाली जाऊन चहा टाकला. होडीत मी एकटा, आणि सुकाणूवर कुणी नाही! बंड्या, डोळे भरून आले रे.

याच बंदरातून 1960 साली एकट्याने अटलांटिक ओलांडायची पहिली शर्यत सुटली. तिच्यात हॅस्लर आणि चिचेस्टर या दोन ब्रिटिश खलाशांनी आपापलं वेन नेलं होतं. चिचेस्टर 40 दिवसांत न्यूयॉर्कला पोचला. आणि आपला अभिलाष टॉमी! 2022-23 च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने जगप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत त्याने वेन दुरुस्त करायला शौचालयाचं दार कापलं, आणि जगाला फेरी मारून दुसरा आला.

वारा पाठीमागून आणि मंद असला की माझं वेन अजून गोंधळतं. होडी वाऱ्याबरोबरच पळत असल्याने फळीला तो पुरेसा लागत नाही. मोठी, हलकी फळी करून बघतो.

आणखी चार बुश काढशील? 25 मिमीच्या पाइपसाठी, आतून 25.2. सुटे बरोबर ठेवायचे आहेत, कारण जूनमध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर ब्रिटनीला जायचं ठरवतोय.

काकूंना नमस्कार.

तुझाच,
अव्या